लस चाऱ्यातून देता येईल का?

विदर्भातील गोठ्यांमध्ये जनुकीय बदल केलेली वनस्पती गेली वीसहून अधिक वर्षे येत आहे. बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, आज देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र त्याच वाणांखाली आहे, आणि त्या कापसाच्या सरकीची ढेप नागपूर, वर्धा, यवतमाळकडची दुभती जनावरे नेमाने खातात. त्या सरकीत बाहेरून घातलेले जनुक बोंडअळीसाठी आहे. गाईच्या प्रतिकारशक्तीशी त्याचा काही संबंध नाही. परंतु हेच तंत्र वापरून, अळीला मारणाऱ्या प्रथिनाऐवजी जनावराच्या एखाद्या रोगजंतूचे निरुपद्रवी प्रथिन वनस्पतीत तयार केले, आणि ती वनस्पती खाणाऱ्या जनावराला त्या रोगापासून संरक्षण मिळाले, तर टोचणीची गरजच उरणार नाही, अशी कल्पना १९९० च्या आसपास पुढे आली. ती कल्पना प्रयोगशाळेत आणि प्रायोगिक गोठ्यात खरी ठरलेली आहे. तरीही चाऱ्यातून द्यायची लस आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळत नाही. याचे कारण जनुक घालता येत नाही हे नाही. घातलेल्या जनुकातून निघणारी मात्रा मोजून देणे आणि ते पीक शेतात आवरून धरणे, या दोन गोष्टी त्याहून पुष्कळ अवघड आहेत.

सुईची लस निकामी आहे म्हणून हा खटाटोप चाललेला नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. बुळकांडी हा एकेकाळी गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग सुईच्याच लसीने जगातून नाहीसा झाला आणि २०११ मध्ये तशी अधिकृत घोषणा झाली. अडचण लस जनावरापर्यंत पोहोचवण्याची आहे. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कारखान्यापासून जिल्ह्यापर्यंत, जिल्ह्यापासून दवाखान्यापर्यंत आणि तिथून बर्फाच्या डब्यात गावापर्यंत, कुठेही थंडावा तुटला तर बाटली दिसायला तशीच राहते, पण तिचा गुण उतरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी पुन्हा द्यायची असते. म्हणजे प्रत्येक गाय, म्हैस, शेळी वर्षातून दोनदा धरायची, आणि खोड्यात उभी न राहणारी जनावरे, रानात चरायला गेलेले कळप, परसातल्या कोंबड्या यांची मोजदाद त्यात वेगळीच.

दुसरे कारण कमी बोलले जाते, पण माझ्या मते तेच अधिक वजनदार आहे. लाळ्या-खुरकुताची नेहमीची लस तयार करताना जिवंत विषाणू मोठ्या प्रमाणावर वाढवावा लागतो आणि नंतर तो रसायनाने निष्क्रिय केला जातो. त्यामुळे असा कारखाना हाच एक धोका असतो. इंग्लंडमधील पिरब्राइट येथे २००७ मध्ये या विषाणूवर काम चालणाऱ्या परिसरातूनच तो बाहेर पडला आणि आसपासच्या गाईंना रोग झाला. वनस्पतीत लस तयार करताना विषाणू कुठेच लागत नाही; लागते ते केवळ त्याच्या एका प्रथिनाचे जनुक. शिवाय अशी लस मिळालेल्या जनावराच्या रक्तात त्या एकाच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली संरक्षक प्रथिने, सापडतात, तर खरोखर रोग होऊन गेलेल्या जनावरात विषाणूच्या इतर प्रथिनांविरुद्धचीही सापडतात. त्यामुळे लस दिलेले जनावर कोणते आणि लागण झालेले कोणते, हे रक्ततपासणीत वेगळे ओळखता येते. रोगमुक्त क्षेत्र जाहीर करून दूध-मांसाची निर्यात करू पाहणाऱ्या देशाला हा फरक फार मोलाचा असतो.

आता हे घडते कसे, ते पाहू. प्रत्येक रोगजंतूच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा जंतूला ओळखते ती मुख्यतः या प्रथिनांवरून, आणि त्यांनाच प्रतिजन म्हणतात. प्रतिजनाचे जनुक वेगळे काढून वनस्पतीच्या पेशीत बसवायचे, म्हणजे ती पेशी आपल्या इतर प्रथिनांबरोबर तेही प्रथिन तयार करू लागते. जनुक बसवण्यासाठी बहुधा अॅग्रोबॅक्टेरियम नावाच्या मातीतील जिवाणूचा उपयोग होतो. हा जिवाणू निसर्गतःच आपल्या जनुकांचा तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो आणि झाडावर गाठी आणतो. शास्त्रज्ञ त्यातील गाठी आणणारी जनुके काढून त्या जागी हवे ते जनुक ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत सोन्याच्या किंवा टंगस्टनच्या अतिसूक्ष्म कणांवर जनुक चढवून ते कण वेगाने पेशीत घुसवले जातात. तिसरी पद्धत तात्पुरती आहे. तंबाखूच्या कुळातील निकोटियाना बेंथामियाना या रोपाच्या पानांत जिवाणूचे द्रावण भरले की आठवडाभरात पानांत प्रतिजन साठते, पाने कापून घेतली जातात, आणि पुढच्या पिढीत ते जनुक जातच नाही.

जनावराने अशी वनस्पती खाल्ली की पुढचे काम आतड्यात होते. आतड्याच्या अस्तरात जागोजागी प्रतिकारपेशींचे पुंजके असतात, आणि त्यांच्यावरच्या विशिष्ट पेशी आतड्यातून जाणाऱ्या पदार्थांचे कण टिपून आत पोहोचवतात. प्रतिजन तिथपर्यंत न तुटता गेले, तर रक्तात प्रतिपिंडे तयार होतातच, पण आतडे, श्वासमार्ग आणि कास यांच्या ओल्या अस्तरांवरही एक वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडे पाझरू लागतात. बहुतेक जंतू तोंडातून आणि नाकातूनच शिरतात; म्हणजे पहारा नेमका दारातच बसतो. मांसात टोचलेली लस रक्तातील प्रतिपिंडे चांगली वाढवते, परंतु अस्तरांवरचे हे संरक्षण तिच्याकडून तितकेसे मिळत नाही. तोंडावाटे लस देणे जनावरांच्या बाबतीत नवीनही नाही. कोंबड्यांच्या मानमोडीवरची लासोटा लस पोल्ट्रीत पिण्याच्या पाण्यातून दिली जाते, आणि युरोपात कोल्ह्यांमधील रेबीज आटोक्यात आला तो जंगलात टाकलेल्या आमिषांत भरलेल्या लसीमुळे. मात्र या दोन्ही लसी जिवंत विषाणूंच्या आहेत. ते शरीरात वाढतात, म्हणून मात्रा थोडी कमी-जास्त झाली तरी चालते. वनस्पतीतले प्रथिन वाढत नाही. जेवढे पोटात गेले तेवढेच.

पहिले प्रयोग माणसांसाठी होते. अमेरिकेतील चार्ल्स आर्न्टझेन यांच्या गटाने १९९२ मध्ये 'कावीळ ब' या रोगाच्या विषाणूचे पृष्ठप्रथिन तंबाखूच्या पानांत तयार करून दाखवले. पुढे १९९८ मध्ये अतिसार घडवणाऱ्या जिवाणूच्या विषाचा निरुपद्रवी भाग असलेला बटाटा स्वयंसेवकांना कच्चा खायला दिला गेला, आणि तो खाणाऱ्या ११ जणांपैकी १० जणांच्या रक्तात प्रतिपिंडे चौपट किंवा त्याहून अधिक वाढली. बटाटा शिजवला तर प्रथिन बिघडते, आणि कच्चा बटाटा आवडीने कोण खाणार, या प्रश्नापाशी माणसांसाठीची वाट अडखळली. जनावरांना ही अडचण नाही, कारण ती चारा कच्चाच खातात. माणसासाठी सुरू झालेल्या या विद्येचा खरा गिऱ्हाईक गोठ्यात आहे असे मला वाटते, त्याचे हे साधे कारण.

त्याच वर्षी, १९९८ मध्ये, अर्जेंटिनातील शास्त्रज्ञांनी लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे एक प्रथिन आधी अराबिडॉप्सिस या छोट्या प्रायोगिक रोपात आणि पुढच्या वर्षी लसूणघासात तयार केले. लसूणघास हे आपल्याकडेही दुभत्या जनावरांना घातले जाणारे हिरवे वैरणपीक आहे, म्हणून हा प्रयोग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती पाने खाऊ घातलेल्या उंदरांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि विषाणू टोचल्यावर त्यांना संरक्षण मिळाले. मेक्सिकोत रेबीजच्या विषाणूचे प्रथिन असलेला मका मेंढ्यांना खाऊ घातला गेला; २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार एकाच मात्रेने त्यांना रेबीजपासून संरक्षण मिळू शकले. डुकरिणींना त्यांच्या पिल्लांमधील जीवघेण्या विषाणुजन्य अतिसाराच्या प्रतिजनाचा मका खाऊ घातल्यावर त्यांच्या चिकातील आणि दुधातील प्रतिपिंडे वाढली, म्हणजे लस खाल्ली आईने आणि लाभ व्हायचा तो पिल्लांना.

भारतातील काम याच काळातले आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बुळकांडीच्या विषाणूचे एक पृष्ठप्रथिन भुईमुगात बसवण्यात आले, आणि त्या भुईमुगाचा पाला गुरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तात बुळकांडीविरोधी प्रतिपिंडे तयार झाल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदीर नव्हे, प्रत्यक्ष गुरे. आणि प्रयोगशाळेतले अनोळखी रोप नव्हे, तर आपल्या शेतातले पीक. तेच प्रथिन तुरीच्या रोपातही बसवून पाहण्यात आले होते. दैव असे की, ज्या रोगासाठी हा भुईमूग घडवला तोच रोग जुन्या, टोचायच्या लसीने संपवला. शीतसाखळीची अडचण तिथे उष्णता सोसणारी वाळवलेली लस तयार करून सोडवली गेली होती. वनस्पतीतील लसीला अशा प्रतिस्पर्ध्यांशी सामना करायचा आहे, हे तिचे कौतुक करणारे लेख सहसा सांगत नाहीत.

मग गाईला नुसता असा पाला घालून भागेल का? इथे गाईचे पोट आडवे येते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात, आणि त्यातला पहिला, म्हणजे कोटीपोट, मोठ्या गाईत शंभर लिटरहून अधिक मावेल एवढा असतो. त्यात असंख्य सूक्ष्मजीव चाऱ्याचे आंबवण करतात आणि चाऱ्यातील बहुतेक प्रथिने तोडून त्यांपासून आपली स्वतःची प्रथिने बनवतात. लसीचे प्रथिन त्यांच्या दृष्टीने इतर कोणत्याही प्रथिनासारखेच. त्यातले किती शाबूत पुढे सरकेल, हे चारा किती वेळ तिथे राहतो, कोंडा-ढेप किती आहे, जनावर कोणत्या वयाचे आहे, यावर अवलंबून असते. बंगळूरच्या प्रयोगात गुरांमध्ये प्रतिसाद दिसला, म्हणजे काही भाग तरी बचावतो, आणि तोंडातील व घशातील प्रतिकारपेशींशीही चावण्याच्या वेळी त्याचा संपर्क येतो. परंतु दर वेळी, दर गाईत पुरेसा बचावेल अशी हमी देता येत नाही. दूध पिणाऱ्या वासराची गोष्ट वेगळी आहे. दूध पिताना अन्ननलिकेच्या टोकाशी खोबण तयार होऊन दूध कोटीपोट टाळून थेट खऱ्या पोटात जाते, त्यामुळे दुधात मिसळलेली पूड त्या वयात अधिक उपयोगी पडू शकते. कोंबड्या आणि डुकरे रवंथ करत नाहीत, म्हणून त्यांच्यात हा अडथळा येतच नाही.

वनस्पतीचा कोणता भाग वापरायचा, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पानातील प्रथिन पान वाळताना बिघडते, तर बियांमध्ये प्रथिने साठवण्यासाठी निसर्गाने स्वतंत्र कोठारेच केलेली असतात. जपानमधील शास्त्रज्ञांनी पटकीच्या विषाचा निरुपद्रवी भाग तांदळाच्या दाण्यात साठवला, तेव्हा तो सामान्य तापमानात दीड वर्षांहून अधिक काळ टिकला आणि दाण्यातील त्या कोठारांमुळे पोटातील पाचकरसांपासूनही बराचसा बचावला. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात बसून हे वाचणाऱ्याला उन्हाळ्यात फ्रिजविना टिकणाऱ्या लसीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता मात्रेकडे येऊ, कारण सगळ्या विषयाची नाडी तिथे आहे. काटोल-नरखेडच्या एकाच बागेतील, एकाच वाणाची संत्री जशी सारखी गोड नसतात, तशीच एकाच जनुकाची रोपेही सारखे प्रतिजन देत नाहीत. पाणी, ऊन, खत, पानाचे वय, कापणीची वेळ, सगळ्याचा परिणाम होतो. साध्या पद्धतीने घातलेल्या जनुकातून मिळणारे प्रतिजन बहुधा वनस्पतीच्या विद्राव्य प्रथिनांच्या एक टक्क्याहूनही कमी असते. कमी मात्रा म्हणजे अपुरे संरक्षण, इतकेच असते तर चार घास जास्त घालून भागले असते. परंतु आतड्याची प्रतिकारयंत्रणा रोजच्या अन्नाला शत्रू न मानण्यासाठी घडलेली असते. एखादे प्रथिन थोडे थोडे, सतत, अन्नाबरोबर येत राहिले, तर ती त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकते. म्हणजे लसीचे गवत कुरणात लावून जनावरे त्यावर रोज मोकळी सोडली, तर त्यांची प्रतिकारशक्ती वाढण्याऐवजी त्या रोगजंतूबाबत थंडावण्याचा धोका असतो. ही लस ठरावीक दिवशी, ठरावीक वजनाने, प्रतिकारयंत्रणेला जागे करणारा पूरक पदार्थ सोबत घेऊनच द्यावी लागते. म्हणून पीक कापायचे, वाळवायचे, दळायचे, अनेक रोपांची पूड एकत्र करून प्रतिजन मोजायचे आणि मग पुड्या बांधायच्या, हाच मार्ग उरतो. चाऱ्यात मिसळली तरी ती वस्तू औषधच असते.

आवरून धरण्याचा प्रश्न किती खरा आहे, हे अमेरिकेत २००२ मध्ये दिसले. प्रोडिजीन या कंपनीने डुकरांच्या पिल्लांच्या अतिसारावरील लसीचा मका नेब्रास्कात प्रायोगिक शेतात लावला होता. पुढच्या हंगामात त्याच शेतात सोयाबीन घेतले गेले, त्यात सांडलेल्या दाण्यांतून मका उगवला, तो वेळेत उपटला गेला नाही, आणि सोयाबीनबरोबर कापला जाऊन गोदामात सुमारे ५ लाख बुशेल, म्हणजे साडेतेरा हजार टनांच्या आसपास, सोयाबीनमध्ये मिसळला. तो सगळा माल कंपनीला विकत घेऊन नष्ट करावा लागला, वर अडीच लाख डॉलर दंड बसला. आपल्या सोयाबीनच्या शेतात मागच्या हंगामाचे काहीबाही उगवलेले प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले असते. तो प्रकार इथे किती सहज घडेल, हे वेगळे सांगायला नको. परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे विदर्भात कसे गावोगाव पोहोचले, हा इतिहास तर ताजाच आहे. ज्या पिकाचा दाणा माणसाच्या ताटात जातो, त्या पिकात जनावरांचे औषध उघड्या शेतात पिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मग ते औषध कितीही निरुपद्रवी असो.

यावर उपाय शोधले गेले आहेत. जनुक पेशीच्या केंद्रकाऐवजी हरितलवकात बसवले, तर दोन गोष्टी साधतात. एका पेशीत हरितलवकाच्या जनुकसंचाच्या हजारो प्रती असल्यामुळे प्रतिजन कितीतरी पटींनी जास्त मिळते, आणि बहुतेक पिकांमध्ये हरितलवक आईकडूनच येत असल्यामुळे परागकणांतून ते जनुक शेजारच्या शेतात सहसा जात नाही. दुसरा उपाय बंद हरितगृहाचा, तिसरा तर त्याहूनही पुढचा: रोप न वाढवता वनस्पतीच्या नुसत्या पेशी टाकीत वाढवायच्या. अमेरिकेच्या कृषी खात्याने जानेवारी २००६ मध्ये परवाना दिलेली, वनस्पतीपेशींत तयार झालेली जगातील पहिली लस याच प्रकारची होती. डाऊ अॅग्रोसायन्सेस या कंपनीने ती तंबाखूच्या पेशींमध्ये, कोंबड्यांच्या मानमोडीसाठी तयार केली होती. ती बाजारात मात्र कधी आली नाही, आणि विशेष म्हणजे ती खायची नव्हती, टोचायचीच होती. मेंढ्यांच्या नीलजिव्हा रोगाविरुद्ध निकोटियानाच्या पानांत तयार केलेल्या विषाणूसदृश कणांनी, म्हणजे विषाणूच्या नुसत्या रिकाम्या कवचांनी, २०१३ च्या प्रयोगात मेंढ्यांना संरक्षण दिले, तीही टोचूनच. वनस्पतीत लस बनवणे आणि वनस्पती खाऊ घालून लस देणे या दोन पायऱ्या आहेत, आणि जग सध्या पहिल्या पायरीवर पक्के उभे राहून दुसरीवर पाय टाकू पाहत आहे.

भारतात असे काही करायचे तर १९८९ च्या नियमांखालील दोन चाळण्या पार कराव्या लागतात. प्रयोगशाळेतील आणि मर्यादित चाचण्यांचे काम जनुकीय फेरफारविषयक आढावा समिती पाहते, आणि पर्यावरणात सोडण्याची शिफारस पर्यावरण मंत्रालयातील जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीकडून यावी लागते. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये आलेली स्थगिती आणि जनुकीय मोहरीच्या परवानगीवर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींची पडलेली भिन्न मते पाहता, शेतात पिकणाऱ्या लसीची वाट लांबच राहणार. शिवाय ही वस्तू पीक म्हणून तपासली जाईल तशी लस म्हणूनही औषध नियंत्रणाच्या कसोट्यांना उतरावी लागेल: जनावरावरील चाचण्या, दूध-मांस-अंड्यांत काही उरते का याचा शोध, प्रत्येक खेपेच्या पुडीतील प्रतिजनाचे मोजमाप.

नागपूरची या विषयातील स्थिती थोडी गमतीची आहे. वनस्पतीत जनुक बसवण्याची विद्या जाणणारी केंद्रीय कापूस संशोधन संस्था याच शहरात आहे, आणि २००० मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठही इथेच आहे. या लसीला लागणारी दोन्ही शास्त्रे एकाच शहराच्या दोन टोकांना नांदत आहेत. कोणी हे काम हाती घेतलेच, तर सुरुवात गाईच्या लाळ्या-खुरकुतापासून करण्यापेक्षा पोल्ट्रीतील मानमोडीपासून करणे शहाणपणाचे ठरेल. कोंबडी रवंथ करत नाही, तिचे खाद्य कारखान्यातून मोजून येते, पोल्ट्रीवाल्याला तोंडावाटे लस देण्याची सवय आहे, आणि हजारो पक्षी एकेक धरून टोचण्याचा खर्च वाचवण्यासाठी तो पैसे मोजायलाही तयार असतो. बंद हरितगृहात वाढवलेल्या, माणसाच्या खाण्यात नसलेल्या रोपाची वाळवलेली पूड, ठरलेल्या दोन-तीन दिवशीच खाद्यात मिसळायची, आणि बाकीचे दिवस साधे खाद्य: पहिली खाण्याची लस आली तर ती बहुधा या रूपात येईल. तोपर्यंत दर सहा महिन्यांची लाळ्या-खुरकुताची टोचणी, पावसाळ्यापूर्वीची घटसर्प-फऱ्याची टोचणी आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच द्यायची सांसर्गिक गर्भपातावरील लस, या सुईनेच द्याव्या लागतील.